पेन्सिलीची माणसं

मावशी, उंबरपाड्याचं एकही माणूस आलं नाही.

तुला न्यायच्या दिवशी मी तुझ्या दारातल्या जांभळीखाली उभा होतो आणि येणाऱ्या माणसांना ओळखत होतो. सवय, दुसरं काय! हा अमक्याचा मधला, ही तमक्याची धाकटी, आता खर्डीला दिलेली. मुरबाडकडून बायकांची अख्खी जीप आली. कातकरवाडीतली माणसं वीटभट्टीवरून तशीच आली, अंगावर लाल धूळ घेऊन. पन्नास वर्षं डोक्यावर काकणांची पेटी घेऊन तू ज्या वाड्यापाड्यांवर हिंडलीस, तिथलं कुणी ना कुणी आलं. उंबरपाडा तेवढा नाही. गोविंदबाबा नाहीत, त्यांच्या सुना नाहीत. मला असा राग आला म्हणून सांगू! म्हटलं, यांच्या तीन पिढ्यांच्या मनगटांवर म्हातारीनं काकणं चढवली आणि तिचं तोंड बघायलाही फिरकले नाहीत.

मग माझा मीच गप्प बसलो. उंबरपाड्यावर रागवायचा हक्क मला कुठून आला? आणि तुझ्या दारात रडायचा तरी कुठून आला? शेवटचे पाच महिने मी तुझ्याशी एक शब्द बोललो नव्हतो.

सुरुवात मीच केली होती, हे कबूल. तीस वर्षं शाळेत कारकुनी केली. रिटायर होताना बघितलं तर जुन्या जनरल रजिस्टरला वाळवी लागलेली. माणसं यायची, हात जोडायची, साहेब, आजोबांचा दाखला द्या, जातीचा पुरावा पाहिजे. आणि पान उघडलं की नावाच्या जागी भोक. म्हणून मी उतरवून काढायला लागलो. मग एकेका पाड्यावर जाऊन विचारायला लागलो, कुणाचा कोण. घराघराचा वंश वहीत मांडायचा, एवढंच डोक्यात. पण गाडी अडली. शाळेत पोरी नव्हत्या ना त्या काळी! रजिस्टरात नाहीत, सातबाऱ्यावर नाहीत, भावांना विचारलं तर म्हणतात, होती एक बहीण, दिली कुठंतरी. कुणीतरी म्हणालं, काकणवालीला विचारा.

तू पहिल्या भेटीत मला बसही म्हणाली नाहीस. "तुझ्या आयचं नाव काय रे?" हा तुझा पहिला प्रश्न. मी सांगितलं. "आन् तिच्या आयचं?" मला येईना. साठीचा माणूस मी, उभ्या तालुक्याचा वंश लिहायला निघालेला, आणि आजीचं नाव येईना. तू खदाखदा हसलीस. "मोठा आला लिवनारा! हात दावायला आण तुझ्या बायकोला, ती सांगंल."

तुला सगळ्या पोरी हातावरून आठवायच्या. "येसू? उंबरपाड्याच्या गोविंदाची थोरली भन. दोन-चारच्या मापाचा हात, अंगठा लई कडक. काकण भरताना रडायची. मुरबाडकडं दिली." काकण भरताना बाई बोलते, हे तू मला शिकवलंस. हात दुसऱ्याच्या हातात असतो, उठून जाता येत नाही, मग पोटातलं ओठावर येतं. सासर कुठलं, पोरं किती, गेलं कोण. पन्नास वर्षांचं ते सगळं तुझ्या डोक्यात होतं आणि मी मूर्ख कचेऱ्यांचे उंबरे झिजवत होतो.

सात वह्या झाल्या, एकेका पाड्याची एकेक. तू चौथी शिकलेली, पण कायदा तुझा चालायचा. मेलेलं माणूस शाईनं, जितं माणूस पेन्सिलीनं. मी म्हटलं, का? तर म्हणालीस, "जितं मानूस हालतंय, बदलतंय. त्याला शाईत का कोंडतोस?" कुणी गेलं की आपण दहाव्याला त्या घरी जायचो. घरच्यांना नाव विचारायचं, आणि पेन्सिलीच्या रेघेवरून शाई फिरवायची. अमक्याची शाई झाली, असंच आपण बोलायला लागलो होतो. तुझी सून हात जोडायची, म्हणायची, काय अभद्र बोलता दोघं!

एकदा घाईत मी काशिनाथचं नाव शाईनं लिहिलं, आठवतं? धडधाकट माणूस, समोर बसून चहा पीत होता. तू माझ्या मनगटावर फाडकन मारलंस, ब्लेडनं शाई खरवडलीस, मला त्याच्या देवापुढं नारळ फोडायला लावलंस. मी हसत होतो. भाद्रपदात त्याला बांधावर पान लागलं, साप चावून गेला. मी तेव्हाही योगायोगच म्हणालो, आजही म्हणतो. पण त्यानंतर जितं नाव लिहिताना मी पेन्सिलीला दोनदा टोक करून बघायला लागलो.

तरी काय चांगले दिवस होते गं ते. कातकरवाडीच्या जंगलजमिनीच्या दाव्याला आपली वही लागली. पणज्याचं नाव त्याच पाड्यावर, शाईत, पुढचे सगळे त्याच्याखाली ओळीनं. साहेबानं मान डोलावली तेव्हा तू बाहेर येऊन माझ्या पाठीवर थाप मारलीस. "वसंता, तुझी कारकुनी कामाला आली रे!" आयुष्यात मला कुणी एवढं मोठं म्हटलं नव्हतं.

तिथंच माझं डोकं फिरलं. आता लिहितोच, लिहायलाच हवं. उंबरपाड्याच्या जत्रेला वंशवृक्षाचा फ्लेक्स लावायची कल्पना माझी होती. तुझी नव्हती. दहा फूट लांब फ्लेक्स, मारुतीच्या देवळाबाहेर. मुलगे काळ्या अक्षरांत, मुली हिरव्या, हिरव्यापुढं सासरचं गाव, त्यांची पोरं, नातवंडं. खाली 'संकलन' आणि माझं नाव, गोविंदबाबांच्या पणजोबापेक्षा मोठ्या अक्षरात. तू नको म्हणत होतीस. दुकानात छपाई चालू असताना तू माझी बाही धरलीस. "पेन्सिलीची मानसं अशी वाऱ्यावर टांगू नको, वसंता." मी बाही सोडवून घेतली.

जत्रेत तो पांढऱ्या गाडीवाला आला. लोक त्याला शेठ म्हणतात. रेबॅनचा चष्मा कपाळावर, पांढरी पँट, बोलणं गोड. तो फ्लेक्सपुढं उभा राहिला आणि खालून वर, वरून खाली वाचत राहिला. एवढ्या गर्दीत मन लावून वाचणारा तो एकटाच, आणि मी खुळा, हरखून गेलो! त्याच्या शेजारी जाऊन समजावून सांगायला लागलो. "ही येसू बघा, गोविंदबाबांची बहीण. बाप वारला तेव्हा हिचं नाव जमिनीला लागलंच नाही." तो म्हणाला, "अरे वा. मग हिचा हा नातू कुठं असतो, काका?" मी म्हणालो, "आसनगावला, स्टेशनजवळच्या चाळीत. रोज कल्याणला जातो." त्यानं मोबाइलनं फ्लेक्सचे फोटो काढले. मला वाटलं, इतिहासाची आवड आहे.

पुढचं तुला ठाऊक आहे. येसूच्या नातवाला गोविंदबाबांचं तोंडही माहीत नव्हतं. शेठनं त्याला गाठलं, मग त्यानं वारस म्हणून नाव लावून घेतलं आणि आपला हिस्सा शेठला देऊन टाकला. पावसाळ्यानंतर उंबरपाड्याच्या माळावर सिमेंटचे खांब आले, मग तार आली. तार गेली ती नेमकी घर आणि खळ्याच्या मधून. विहीर तारेच्या पलीकडं. गोविंदबाबा रोज ओट्यावर बसून त्या तारेकडं बघत राहतात, असं आपल्या कानावर आलं. मग समजलं की शेठ बाकीच्या पाड्यांवर विचारत फिरतोय, ती वहीवाली माणसं कोण, बाकीच्या वह्या कुठं असतात.

त्या दिवशी मी तुझ्याकडं तणतणत आलो. काय काय बोललो मी! "तुझ्या पोरींनी घात केला. मुलगे तेवढे लिहिले असते तर बरं होतं. तुझा हट्ट, पोरी लिव, पोरी लिव! बघ आता." तू काकणांचे तोडे सुतळीत ओवत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "येसूला तिच्या भावांनी लिवली नाय, तो पयला घात. मी तिला लिवली. त्यात माझं काय चुकलं, सांग."

"चुकलं नाही? येसूला काय मिळालं? घशात कुणाच्या गेलं?"

"ते मला बी दिसतंय," तू म्हणालीस. एवढंच.

तू फ्लेक्सचं नाव काढलं नाहीस. मी वाट बघत होतो, मावशी. खरंच सांगतो, वाट बघत होतो की तू म्हणशील, टांगलंस कुणी, सांगितलंस कुणी. म्हणाली असतीस तर मी तिथंच बसून रडलो असतो. तू म्हणाली नाहीस, म्हणून मी आणखी चढलो. सातही वह्या तुझ्या पेटीवर आपटल्या. "घे! भर आता काकणांसारख्या ज्याच्या त्याच्या हातात!" काचेचा आवाज झाला. तू म्हणालीस, "जपून. फडक्यात बांध, भिजतील." मी बांधल्या नाहीत. चपला घालून निघून आलो.

आपलं हे भांडण तसंच राहिलं. मी अजूनही सांगेन की पोरींची नावं लिहून आपण दार उघडं टाकलं. तू अजूनही म्हणशील की येसूला न लिहिणं ही चोरी आहे. रस्त्यानं जाताना मी तुझी बाजू तुझ्याच आवाजात मांडतो आणि हरतो.

तू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी शेठचा फोन आला. माझा नंबर त्याला कुणी दिला देव जाणे. "काका, मावशीचं ऐकून वाईट वाटलं. वह्या आता कुणाकडं असतात?" मी फोन ठेवला. पाचव्या दिवशी पुन्हा. सातव्या दिवसापासून पांढरी गाडी शहापुरात आमच्या आळीच्या तोंडाशी उभी राहायला लागली. आत कोण आहे ते काळ्या काचेतून दिसत नाही. इंजिन चालू असतं.

दहाव्याला तुझ्या सुनेनं, सुरेखानं, मला वह्या दिल्या. तुझ्या हिरव्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेल्या. मी घरी आणून खाटेवर ठेवल्या. गाठ सोडायचा धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला शेठ सरळ ओट्यावर येऊन बसला. मी चहाही विचारला नाही. "काका, आपल्या समाजाचा ठेवा आहे हा. ऑफिसात स्कॅन करून देतो, मग वाळवी नाय, पाणी नाय, टेन्शन नाय." मी म्हटलं, द्यायच्या नाहीत. तो हसला, दारातून दिसणाऱ्या खाटेकडं बघितलं, आत गेला आणि फडकं सोडून एक वही उचलून बाहेर आला. माझ्या घरात, माझ्या देखत! मी उठेपर्यंत त्यानं ती मांडीवर उघडली होती.

पानांतून काळा चुरा पडला. त्याच्या पांढऱ्या पँटवर. त्यानं तो झटकला, तर आणखी फासला गेला. मग तो पानं उलटत गेला. एक, दोन, दहा. त्याचा चेहरा बदलला. "काका, हे काय? ह्यात तर जितं कुणीच नाय."

मी वाकून बघितलं. पणजे होते, आजे होते, येसू होती, शाईतल्या सगळ्या पोरी जागच्या जागी होत्या. त्यांच्याखालची पानं कोरी. पेन्सिलीचं एकेक नाव पुसलेलं. मग त्यानं बाकीच्या सहाही बघितल्या. सात वह्या, मावशी. एवढी माणसं. आणि तरी मला इतकं हसू आलं की मी खोकल्याचं निमित्त केलं.

शेठनं वही मिटली. मग चष्मा डोळ्यांवर घेतला. "असू द्या की. काकांना पाठच असेल सगळं. तीस वर्षांची कारकुनी." ओट्यावरून उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मी येत जाईन. घाई नाय."

तो गेल्यावर मी सुरेखाकडं गेलो. ती म्हणाली, "रोज दुपारी दारात बसून पुसायच्या. आधी नाव मोठ्यानं वाचायचं, थोडं थांबायचं, मग पुसायचं. मी म्हटलं, आत्या, काय करता? तर म्हणे, पोरांना आत घेते. मला वाटलं, म्हातारी खुळावली." खोडरबरं पुरेनात म्हणून नातवाच्या दप्तरातली घेतलीस म्हणे. मी तिथंच पायरीवर बसलो. मी म्हणत होतो ते दार तू लावलंस आणि स्वतःचंही सोडलं नाहीस. येसूला हात लावला नाहीस. मला कळवलंही नाहीस. कळवणार कशी, मी बोलत कुठं होतो!

घरी येऊन मी सातवी वही शेवटपर्यंत उघडली. आपण कधी तुझं पान केलं नव्हतं. मी विचारलं की म्हणायचीस, मी वाटेवरची, मला कुठला पाडा. शेवटच्या पानावर तुझं ते वाकडंतिकडं अक्षर. वर बॉलपेननं 'भिकू'. तिच्याखाली बॉलपेननं 'आनंदी'. तिच्याखाली पेन्सिलीनं 'हिरा'. तीन बायका, दुसरं काही नाही. सात वह्यांत तेवढं एकच पेन्सिलीचं नाव उरलं होतं, आणि ते आता जितं नव्हतं. शाईचं पेन घेतलं आणि परत ठेवलं. आपल्या रिवाजाप्रमाणं आधी घरच्या माणसाला विचारायचं असतं. तुझं घर कुठलं? सुरेखाचं म्हणावं, तर तूच म्हणायचीस, मी वाटेवरची. मग ठरवलं, आधी उंबरपाड्यावर जायचं. तिथं मला एक सांगायचंच होतं.

आज सकाळी एसटीनं फाट्यावर उतरलो आणि चढ चढायला लागलो. मागं गाडीचा आवाज होता. वळून बघितलं नाही, कोण ते ठाऊक होतं. गोविंदबाबा ओट्यावर बसले होते, तारेकडं तोंड करून. मला बघून या म्हणाले नाहीत. मी उभ्याउभ्याच सुरुवात केली. "बाबा, मावशी गेली."

"ऐकलं."

"तुमच्याकडचं कुणी आलं नाही."

"कसं येनार?" ते म्हणाले. मग थांबत थांबत बोलले. तुळशीच्या लग्नानंतर नातीची हळद होती. तू आली होतीस, पेटी घेऊन, चढ चढून. अंगणात बसलीस, पेटी उघडलीस, आणि काकणं भरायच्या आधी सगळ्यांसमोर बोललीस. "ती पाटी मी टांगली, बाबा. गाडीवाल्याला येसूच्या नातवाचं घर मीच दावलं. वसंता नको नको बोलत होता."

"मंग कोनत्या बी बाईनं हात फुडं केला नाय," गोविंदबाबा म्हणाले. "नवरीनं बी नाय. लई येळ बसली पेटी उघडी टाकून. मंग मिटली नि गेली."

मी म्हणालो, "बाबा, ती खोटं बोलली. फ्लेक्स माझा. पत्ता मी सांगितला. ती मला अडवत होती." दारात थोरली सून उभी होती. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. गोविंदबाबांनी पहिल्यांदा तारेवरची नजर काढून माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता काठी उगारतील. उगारली असती तर बरं वाटलं असतं.

"बस," ते म्हणाले.

मी त्यांच्या ओट्यावर बसलो, सातवी वही उघडली आणि विचारलं, "बाबा, हिचं नाव काय?" त्यांनी सांगितलं, "हिरा." मी रेघेवरून शाई फिरवली. शाई वाळेपर्यंत वही उघडीच धरली. ती वही उंबरपाड्याचीच होती, ती मी त्यांच्याकडंच ठेवली. खाली नवी पेन्सिल ठेवली. त्यांनी दोन्ही उचलून आत भाताच्या कणगीवर टाकलं, माझ्याकडं न बघता. बाकीच्या सहाही मी अशाच ज्याच्या त्याच्या पाड्यावर पोचवणार आहे. तुझ्या पानापुरता कागद तेवढा कापून माझ्याकडं घेतलाय. कुठलाच पाडा तुझा नव्हता, म्हणून.

मावशी, मी पाच महिने तुझ्यावर रुसून घरात बसलो होतो, आणि तू या अंगणात उघडी पेटी घेऊन बसली होतीस. माफी मागायची ती मी इथं येऊन मागितली. तुझी कशी मागू, सांग.

चढ उतरून खाली आलो तर गाडी वडाखाली उभी. काच खाली झाली. "या काका, सोडतो शहापूरला. काय, आठवतायत का नावं?"

"एक आठवतंय," मी म्हटलं.

त्यानं लगेच मोबाइल काढला. "बोला."

"हिरा. आईचं नाव आनंदी. आजीचं भिकू."

त्यानं लिहिता लिहिता मान वर केली. "ती काकणवाली? ती तर मेली ना, काका."

"हो," मी म्हटलं. "मला तेवढीच येते."

त्यानं काच वर केली. मी चालायला लागलो. गाडी अजून माझ्या मागंच आहे, मावशी, हळूहळू येतेय, आणि फाटा बराच लांब आहे.